वाघ दिसू दे, पण उशिरा

आमच्या घरात माझं गणित वाघाच्या मर्जीवर चालायचं. कॉलेजात हे सांगितलं की मुली हसतात. त्यांना वाटतं, ही जंगलाकडची, ही थापा मारणारच. एकीनं तर विचारलं, वाघ शिकवायला यायचा का गं? म्हटलं, नाही बाई, वाघ फक्त माझ्या मोठ्या बाबांना अडवून धरायचा. शिकवायला फोन होता.

आमचं गाव मोहर्लीच्या वाटेवर, ताडोबाच्या जंगलाला चिकटून. मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. घरात शेवटचा शब्द त्यांचा. ते सफारीचे गाईड. खाकी शर्ट घालून जिप्सीत ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं आणि पर्यटकांना सांगायचं, ‘आत्ताच इथून गेला, हे पाहा पंजे.’ वाघ दिसला तर तो मोठ्या बाबांच्या नजरेमुळे दिसायचा. नाही दिसला तर ड्रायव्हरनं गाडी दणदण चालवलेली असायची. घरातही तीच रीत. वरण खारट झालं तर मीठ वाईट, बैल लंगडला तर रस्ता वाईट. मोठे बाबा कधी चुकलेत असं घरात कुणी म्हटलेलं मला आठवत नाही, आणि त्यांनी स्वतः म्हणण्याचा तर प्रश्नच नव्हता.

घरात धड चालणारा मोबाईल एकच, तोही त्यांचा. दिवसभर त्यांच्या खिशात असायचा. पण जंगलात फोन न्यायला बंदी आहे. गाईड असो, ड्रायव्हर असो, की मुंबईचा मोठा साहेब, फोन गेटवरच्या पेटीत जमा करायचा आणि मगच आत जायचं. मोठ्या बाबांचा त्या पेटीवर काडीचा विश्वास नव्हता. “साऱ्यायचे फोन एका डब्यात. कोनाचा कोनाले जाईन, भरोसा आहे का?” म्हणून पहाटे निघताना ते फोन रुमालात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या उंच फळीवर, तिखटाच्या डब्यामागं ठेवून जायचे. सफारी जंगलात असेपर्यंत फोन घरात, आणि फोन घरात असेपर्यंत माझं गणित. मंगळवारी ताडोबा बंद असतं, त्या दिवशी माझंही गणित बंद.

वाघाचा संबंध इथं येतो. सकाळी सकाळीच वाघ दिसला की पर्यटकांना लगेच पोहे आणि चहा आठवतो, आणि गाडी लवकर माघारी येते. दिसलाच नाही तर ते चिडून बसतात, गाडी शेवटच्या मिनिटाला धुरळा उडवत गेटावर येते, आणि मोठे बाबाही चिडलेले घरी येतात, हे आणखी वाईट. सगळ्यात बरं म्हणजे वाघ अगदी परतायच्या वेळी, गेटाजवळ दिसावा. मग गेटावर फोटो, कौतुक, चहा, सगळं होऊन मोठे बाबा आरामात, खुशीत यायचे. म्हणून मी आणि माझी मैत्रीण रोज पहाटे शेणाचे हात जोडून म्हणायचो, देवा, वाघ दिसू दे, पण उशिरा. मैत्रीण शेजारच्या घरची. तिचे बाबा मोठ्या बाबांच्याच जिप्सीचे ड्रायव्हर. ते बिचारे नियमानं फोन पेटीत टाकायचे, म्हणून तिच्या घरी फोनच नसायचा.

आता हे चोरून कशाला, ते सांगते. मी दहावीला होते. आमच्या शाळेतले गणिताचे सर बदली होऊन गेले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. भूगोलाचे सर गणिताच्या तासाला यायचे, फळ्यावर एक उदाहरण लिहायचे आणि ‘हे घरून सोडवून आणा’ म्हणून वर्तमानपत्र उघडायचे. तेव्हा चंद्रपूरच्या एका संस्थेतली ताई स्कूटीवर यायला लागली. तिच्याकडे मोबाईलवर चालणारं गणिताचं ॲप होतं, मराठीत बोलणारं, नेट नसलं तरी चालणारं. ते फक्त मुलींसाठी होतं. एक बाई त्यात गोड आवाजात प्रश्न विचारायची, बरोबर आलं की नाव घेऊन शाब्बास म्हणायची, चुकलं की ‘पुन्हा प्रयत्न करा’. बरोबर येत गेलं की पुढच्या पायरीवर, चुकत गेलं की मागच्या. रेंज मिळाली की ते सगळं ताईच्या लॅपटॉपवर पोचायचं. ताईला एवढंच हवं होतं की प्रत्येकीनं घरच्या कुणाच्या तरी फोनमध्ये ते टाकून घ्यावं.

मी मोठ्या बाबांना विचारलं. त्यांनी तंबाखूचा खर्रा चोळता चोळता उत्तर दिलं, “गणित शिकून तू काय वाघ मोजाले जातं का?”

मी म्हटलं, “अकरावी सायन्सले चंद्रपूरले जाईन.”

“पयले दहावीत गणितात पास होऊन दाखव. नाई त आपल्या इथी रिसॉर्ट काय कमी आहेत? चादरी बदलाचं काम रोज निंगते.”

चादरी बदलण्यात काही कमीपणा नाही. माझ्या आधीच्या कितीतरी मुली तेच करायच्या आणि त्यांचं घर त्यावर चालायचं. पण मला नव्हतं करायचं. मला चंद्रपूरला जायचं होतं, हॉस्टेलला राहायचं होतं, आणि मोठ्या बाबांच्या तोंडून ‘रिसॉर्ट’ हा शब्द निघाला की माझ्या डोक्यात सणक जायची. माझं डोकं तसंही लवकर तापतं. आई म्हणते, हिच्या डोक्यावर भाकर भाजून निघन.

तर फोन मिळवणं भाग होतं. त्याला कुलूप होतं, बोटानं रेघ ओढून उघडायचं. पण खर्रा खाणाऱ्या माणसाचं कुलूप काही खरं नसतं. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा, त्याच बोटांनी फोन उघडायचा. काचेवर चुन्याची अशी छान रांगोळी उमटलेली असायची की आंधळ्यालाही रेघ सापडावी. मैत्रिणीनं पहिल्याच दिवशी फोन उजेडात तिरपा धरला, फुंकर मारली आणि उघडला. ताईनं शाळेतल्या फोनवरून मैत्रिणीच्या बाबांच्या फोनमध्ये ॲप टाकलं होतं, तिथून ते आम्ही एका रात्री, मोठे बाबा घोरत असताना, त्यांच्या फोनमध्ये उतरवलं. ताईला सांगितलं, घरच्यांची परवानगी आहे. मोठी आई घरचीच होती आणि तिनं ‘नाही’ म्हटलेलं नव्हतं, कारण तिला विचारलंच नव्हतं.

मोठी आई म्हणजे मोठ्या बाबांची बायको, चुलीपुढून फोनवर डोळे ठेवून असायची. तिच्यासाठी मी एक युक्ती केली. त्या ॲपमध्ये रोजच्या आठवणीची वेळ लावता यायची. मी ती मंगळवार सोडून सकाळी सातची लावली. सात वाजले की फळीवरून ढोलकी वाजायची आणि बाई ओरडायची, ‘चला मुलींनो, गणिताची वेळ झाली!’ ढोलकी सुरू झाली रे झाली की मोठी आई दचकून म्हणायची, “अवं पाहाय व काय वाजून राह्यलं!” मी धावत जायची, फोन काढायची. “काही नाई मोठी आई, कंपनीचा फोन आहे. बंद करून आणतो.” आणि बंद करायला म्हणून जी मी परसात जायची ती दोन धडे संपल्यावरच परत यायची. कंपनी फार बोलते, असं मोठ्या आईचं मत झालं होतं.

असं दिवाळीपासून छान चाललं होतं. मी आठवीच्या राहिलेल्या पायऱ्यांवरून चढत चढत दहावीच्या धड्यांपर्यंत पोचले होते. मग जानेवारी आला.

जानेवारीत आमच्याकडे उघड्या जिप्सीत पहाटे बसणं म्हणजे शिक्षाच. मोठे बाबा आत स्वेटर, वर खाकी शर्ट, त्यावर जाकीट आणि गळ्याला मफलर असे निघायचे. त्या पहाटे कुणाच्या तरी सोयरिकीचा फोन आला, तो त्यांनी बोलून संपवला आणि सवयीनं स्वेटरच्या आतल्या खिशात टाकला. मग वरून बाकीचा संसार चढवला आणि निघाले. फळीवर नुसता रुमाल राहिला. मी तिखटाच्या डब्यामागं हात घातला आणि चरफडले, पण ते फक्त आजचा धडा बुडाला म्हणून. पुढचं मला मैत्रिणीच्या बाबांकडून कळलं. खरं म्हणजे साऱ्या गावालाच त्यांच्याकडून कळलं.

वाटेत आडवी वाघीण बसलेली. पुढे-मागे जिप्सींची रांग, सगळ्यांची इंजिनं बंद, श्वास बंद. मोठे बाबा तोंडावर बोट ठेवून पर्यटकांना गप्प करत होते. आणि त्यांच्या पोटातून ढोलकी वाजली. ‘चला मुलींनो, गणिताची वेळ झाली!’ मोठ्या बाबांनी मफलर ओढला, जाकिटाची चेन अडकली, शर्टाची बटणं निघेनात. बाई आतून बोलतच होती. ‘तयार आहात का?’ मागच्या जिप्सीतल्या एका बाईनं जोरात ‘हो’ म्हटलं आणि सगळी रांग फुटली. वाघीण उठली, तिनं मोठ्या बाबांकडे एकदा नीट पाहिलं आणि बांबूत निघून गेली. मैत्रिणीचे बाबा सांगायचे, “तिलेही गणित येत नसन.”

नियम तो नियम. मोठ्या बाबांची ड्यूटी काही दिवसांसाठी बंद झाली. त्यांनी घरी येऊन खाकी शर्ट खुंटीला टांगला आणि फोन सगळ्यांसमोर धरला.

“हे गणित माह्या फोनमंधी कोनं भरलं?”

मी झाडणी घेऊन एवढं अंगण झाडलं की खालची माती निघाली. उत्तर मोठ्या आईनं दिलं. “कंपनीचं आहे नं ते. रोजच वाजते.” ती बिचारी खरंच तसं समजत होती. मग मोठ्या बाबांनी कंपनीला फोन लावला. तिकडच्या मुलाला त्यांनी ‘तुमच्या गणितानं माही ड्यूटी खाल्ली’ हे इतक्या वेळा सांगितलं की त्यानं शेवटी माफी मागून टाकली. माफी मिळाल्यावर मोठे बाबा जरा थंडावले. तेवढ्यात त्यांचं बोट कुठंतरी लागलं, आणि ती बाई गोड आवाजात माझं नाव घेऊन म्हणाली, ‘शाब्बास! कालचा धडा छान झाला.’

सगळं घर माझ्याकडे वळलं. मोठे बाबा ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. फक्त म्हणाले, “आजपासून फोनले हात लावजो नको.” ॲप काढून टाकलं नाही, कारण ते कसं काढतात हे त्यांना येत नव्हतं आणि मला विचारणं त्यांच्यानं होणार नव्हतं. दिवसभर फोन खिशात, रात्री उशीखाली. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये होती. माझे धडे अर्धवट होते, भूगोलाचे सर वर्तमानपत्र वाचत होते, आणि मी घरात भांडी अशी आपटत होते की मोठी आई म्हणाली, फोड आता, फोडून टाक सारी.

मग एक दिवस ताई शाळेत आली ती थेट माझ्याकडे. लॅपटॉप उघडून म्हणाली, “तुझं काय चाललंय? वर्गसमीकरणापर्यंत गेली होतीस. आता तिसरीत?”

मी पाहिलं. माझ्या नावापुढे तिसरी इयत्ता. प्रश्न होता, झाडावर इतके पोपट होते, त्यातले इतके उडाले, किती राहिले? आणि तेही चुकलेलं. त्याच्याआधी अपूर्णांक चुकलेले, गुणाकार चुकलेले, एकाखाली एक सगळी लाल फुली. माझ्या नावानं! मला त्या लाल फुल्या पाहून रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. ताईनं वेळा दाखवल्या. सगळं दुपारी झालेलं होतं, मी शाळेत असताना.

संशयित घरात एकच होता. दुपारच्या सुट्टीत मी आणि मैत्रीण मागच्या बाजूनं घरी आलो. गोठ्याच्या पलीकडे तणसीचा ढीग होता, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाचा. त्याच्यामागून आवाज येत होता.

“मले म्हनते पुन्हा प्रयत्न करा! मले! अवं बाई, आठ मोठा का चार मोठा? आठ! मंग एक आठांश मोठा नाई का?”

‘पुन्हा प्रयत्न करा.’

“तूच कर!”

मोठे बाबा तणसीत रुतून बसले होते. डोळ्यांवर मोठ्या आईचा चष्मा होता. आम्हाला पाहून त्यांनी फोन काडाखाली ढकलला, पण बाई काडाखालूनही बोलतच राहिली. मैत्रीण तोंडात ओढणी कोंबून पळाली. मी नाही पळाले, माझं डोकं तापलेलं होतं.

“तुमच्यापाई मी तिसरीत गेली, मोठे बाबा!”

“मी काऊन? ते बाईच चूक सांगते.”

“बाई नाई चुकत. तुम्ही एक खर्रा चार जनायले वाटला त जास्त येते का आठ जनायले वाटला त?”

मोठे बाबा विचारात पडले. खर्ऱ्याच्या बाबतीत ते कधी उथळ बोलायचे नाहीत. “चार जनायले,” ते म्हणाले.

“मंग एक चतुर्थांश मोठा का एक आठांश?”

त्यांनी एक काडी उचलून तिचे तुकडे केले. मग रागावून म्हणाले, “पन आठ जनं कायले बलावले?”

त्या दिवशी आमचा सौदा झाला. मी त्यांना शिकवायचं, म्हणजे माझ्या नावावरच्या फुल्या थांबतील. बदल्यात धडा झाला की फोन माझा. अट एकच, ही गोष्ट कुणालाही कळता कामा नये, मोठ्या आईला तर मुळीच नाही. चौथीत शाळा सोडलेला, पर्यटकांना वाघाच्या गोष्टी सांगणारा माणूस पुतणीकडून पाढे शिकतो म्हटल्यावर गेटावर त्यांना कोण जगू देणार होतं? आधीच ‘चला मुलींनो’ म्हणून ड्रायव्हर त्यांना हाका मारत होते.

मला वाटलं, तिसरीतून वर काढायला कितीसा वेळ लागतो. पण मोठ्या बाबांकडे एक हत्यार होतं. ते म्हणजे ‘काऊन’, म्हणजे ‘का’. शाळेत आम्हाला सांगितलं होतं, अपूर्णांकाचा भागाकार करताना दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. आम्ही उलटा करत होतो, गुणत होतो, बरोबर येत होतं. मोठे बाबा म्हणाले, “काऊन उलटा कराचा?” मी म्हटलं, तसंच असते. ते म्हणाले, “तसंच असते म्हनजे? मी पर्यटकायले सांगतो का, वाघ तसाच असते?” मी चिडले. मैत्रिणीला विचारलं, तिला माहीत नव्हतं. भूगोलाच्या सरांना विचारलं, त्यांनी पान उलटलं. शेवटी ताईला स्कूटीसमोर आडवी होऊन विचारलं, तेव्हा तिनं जमिनीवर काडीनं चित्र काढून दाखवलं. आणि मला पहिल्यांदा गणित कळलं. आधी मला ते नुसतं येत होतं. तणसीमागं बसून मोठ्या बाबांना सांगताना मला इतका आनंद झाला की मी त्यांच्यावर ओरडायचंच विसरले.

ड्यूटी पुन्हा सुरू झाली तेव्हा आम्ही सातवीपर्यंत चढलो होतो. आता मोठे बाबा पहाटे फोन मुद्दाम फळीच्या कडेला, हाताला येईल असा ठेवून जायचे आणि आल्यावर खाकी शर्ट न काढताच तणसीमागं पळायचे. मोठी आई त्यांच्या पाठीकडे संशयानं पाहत राहायची. तिनं त्यांना खर्रा सोडायची शपथ घातली होती.

परीक्षा झाली. निकाल लागला. मी पास झाले, आणि गणितात तर इतके चांगले मार्क पडले की भूगोलाच्या सरांनी गावभर सांगितलं, मीच शिकवलं तिला. चंद्रपूरच्या कॉलेजात आणि हॉस्टेलात जागा मिळेल असं ताईनं विचारून ठेवलं. आता फक्त मोठ्या बाबांचा शब्द हवा होता. मला वाटलं, आता काय, आता तर ते आपल्याच बाजूचे.

मोठे बाबा म्हणाले, “चंद्रपूर नाई.”

त्या दिवशी सारं घर अंगणात लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसलं होतं. माझे बाबा, आई, मोठी आई, कुंपणाला टेकून मैत्रीण आणि तिचे बाबा. मी विचारलं, काऊन नाई? ते म्हणाले, बसचा भरोसा नाई. मैत्रिणीचे बाबा म्हणाले, मी सोडून देईन मोहर्लीपर्यंत. मग म्हणाले, हॉस्टेलमंधलं जेवण चांगलं नसते. आई म्हणाली, मी लोणचं देईन. मग म्हणाले, शहरात लय गर्दी असते. बाबा, जे त्यांच्यापुढे कधी तोंड उघडत नाहीत, ते हळूच म्हणाले, “दादा, पास झाली त पाहू, असं तूच म्हनलं होतं.” मोठे बाबा कैरी हातात धरून मान नकाराचीच हलवत राहिले.

माझ्याकडे मुलीच्या जातीवर, लग्नावर, खर्चावर, सगळ्यावर उत्तरं तयार होती. रात्र रात्र घोकून ठेवली होती. पण ते त्यातलं काही बोलतच नव्हते, आणि न बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. माझा तोल गेला. मी विळी सोडून उभी राहिले आणि सगळ्यांसमोर ओरडले, “मी तुमच्या पुढं जाईन म्हनून तुमच्या पोटात दुखते, मोठे बाबा!”

आईनं माझा हात धरून खाली ओढलं. असं त्या घरात त्यांना कुणी बोललं नव्हतं. आता ते उठतील आणि संपेल सगळं, असं मला वाटलं, आणि मला खरंच भीती वाटली. मोठ्या बाबांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी एकदा कुंपणाकडे पाहिलं, तिथं गेटावर सगळ्या गोष्टी पोचवणारे मैत्रिणीचे बाबा उभे होते. मग हातातल्या कैरीकडे पाहत म्हणाले,

“तू गेली त मले कोन शिकवन?”

“काय शिकवन?” मोठी आई म्हणाली.

“गणित.”

मोठ्या आईनं विळी बाजूला ठेवली. “म्हनजे तुम्ही तनसीमागं गणित करत होते? आन् मी समजून राह्यली का चोरून खर्रा खाता!” आणि ती अशी हसायला लागली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग आई हसली, बाबा हसले, कुंपणावरचे तर कुंपणासकट हलत होते. मी एकटीच हसत नव्हते. इतका मोठा माणूस माझ्यावाचून अडला होता आणि हे कबूल करायला त्याला साऱ्या अंगणासमोर बसावं लागलं होतं, हे मला सहन होत नव्हतं. माझ्या जाण्यानं कुणाचं काही अडेल, असं मला त्या दिवसापर्यंत वाटलंच नव्हतं.

हसणं ओसरलं तरी मोठे बाबा उठले नाहीत. म्हणाले, “जाजो. मी कॉलेजले येतो संगं, सही कराले.” मग कैरी खाली ठेवून, “पन कॉलेज काही आजच नाई.”

मी म्हटलं, नाई.

“मंग ते कालचं कराचं राह्यलं आहे.”

मी त्यांच्याकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं आणि खाली बसायची खूण केली. मी कोयीच्या टोकानं सारवलेल्या अंगणात समीकरण लिहिलं. सगळे कैऱ्या सोडून माना लांब करून पाहत होते. मोठ्या बाबांनी बोटं मोजली, ओठ हलवले आणि मोठ्यानं उत्तर सांगितलं. उत्तर चूक होतं. मोठी आई फिसकन हसली. मैत्रिणीचे बाबा खोकले.

मोठे बाबा जागचे हलले नाहीत. त्यांनी कैऱ्यांचं टोपलं बाजूला सारलं, माझ्याजवळ सरकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, “सांग आता, माह्यं कुठी चुकलं?”

मी त्यांना पहिल्या ओळीपासून सांगायला लागले.